देवमाशाच्या दर्शनाला

श्रोतेहो, आज मी तुम्हांला दोन होड्यांची गोष्ट सांगणार आहे. खरे म्हणजे त्यांतली एक होडी आणि दुसरी चांगली तीन-चारशे माणसांची आगबोट. पण दोन्हींत मी बसलो होतो आणि दोन्ही वेळी कामगिरी एकच होती: समुद्रातल्या प्राण्यांना त्यांच्या घरी जाऊन पाहायचे. असल्या भेटीत पाहुण्याने कसे वागावे, हे मला पहिल्या खेपेला कळले नाही. म्हणून आधी माझ्या गाढवपणापासूनच सुरुवात करतो.

2022 सालच्या मे महिन्यात आम्ही सहकुटुंब मालवणला गेलो होतो. मे महिन्यात मालवणला कोण जात नाही? आंबे असतात, फणस असतात, आणि आता त्यांत डॉल्फिनची भर पडली आहे. तारकर्ली-देवबागच्या बाजूला, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथून सकाळी होड्या सुटतात. माझी धाकटी मुलगी तेव्हा आठ वर्षांची. तिला डॉल्फिन पाहायचा होता, आणि तोही जवळून. पाऊण तास आम्ही नुसते पाणी पाहिले. मग लांबवर एक करडी पाठ वर आली, तिच्यामागे दुसरी, लहानशी. आई आणि पिल्लू! मी होडीवाल्याला म्हटले, "आणखी पैसे देतो, पण जवळ घ्या." त्याने मशीन वाढवली. दुसऱ्या दोन होड्यांनी ते पाहिले आणि त्याही वळल्या. तीन होड्या तीन बाजूंनी! पाठी बुडाल्या, उजवीकडे वर आल्या, आम्ही उजवीकडे. पुन्हा बुडाल्या, डावीकडे वर आल्या, आम्ही डावीकडे. चौथ्या वेळी आल्याच नाहीत. टाळ्या वाजवून आम्ही परतलो. मुलगी मात्र गप्प होती. किनाऱ्यावर उतरल्यावर तिने विचारले, "बाबा, ते आपल्याला घाबरले का?"

मी म्हटले, "छे, ते खेळत होते."

मी शिक्षक आहे. वर्गात ठाऊक नसलेले ठाऊक असल्यासारखे सांगण्याची सवय थोडीफार असतेच. पण हे उत्तर काही मला पचले नाही.

पुढच्या वर्षी, 2023 च्या जुलैत, आईला घेऊन मी अमेरिकेत धाकट्या बहिणीकडे गेलो. ती बॉस्टनजवळ राहते. त्या भागात आपली मराठी मंडळी पुष्कळ आहेत, आणि कोणी पाहुणा आला की त्याला दाखवायच्या स्थळांची एक यादी ठरलेली असते. तिच्यात देवमासा असतोच. आई त्या वेळी त्र्याहत्तर वर्षांची. "मला कशाला समुद्रावर नेता? मी कोकणातलीच आहे," असे म्हणत तिने आलेपाकाचा डबा पिशवीत टाकला आणि सर्वांच्या आधी तयार होऊन बसली.

बॉस्टनच्या धक्क्यावरून बोट निघाली की तासा-सव्वा तासाने स्टेलवॅगन नावाच्या उथळ भागावर पोहोचते. तिथे बेट नाही, खडक नाही. वरून पाहिले तर नुसते पाणीच. पण त्या पाण्याखाली वाळूचे एक लांबलचक पठार आहे. हिमयुगातल्या हिमनद्यांनी आणून टाकलेल्या वाळू-गोट्यांचे ते बनले आहे. भोवतालचे खोल, थंड पाणी भरती-ओहोटीच्या ओढीने या पठारावर आदळते आणि वर चढते. येताना ते तळाचे सत्त्व घेऊन येते. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर सूक्ष्म जीव, आणि त्यांवर बोटभर लांबीचे, वाळूत स्वतःला पुरून घेणारे बारीक मासे. त्या बारीक माशांवर देवमासे. थोडक्यात, उन्हाळ्यात इथे पंगत बसलेली असते. हा भाग अमेरिकन सरकारने 1992 साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केला.

पंगतीला येणारा मुख्य पाहुणा म्हणजे हंपबॅक. बुडी मारताना हा पाठीचे धनुष्य करतो, आणि पाठीवरच्या लहान पंखाखाली कुबडासारखा उंचवटा दिसतो, म्हणून हे नाव. लांबी चाळीस-पन्नास फूट, वजन पंचवीस-तीस टन. हिवाळ्यात हे देवमासे दक्षिणेला वेस्ट इंडीजच्या उबदार समुद्रात जातात. तिथे पिल्ले जन्मतात. पण तिथे खायला जवळजवळ काहीच मिळत नाही. आई महिनोन्महिने उपाशी राहून पिल्लाला पाजते आणि वसंतात त्याला घेऊन उत्तरेला येते. हे सारे आमच्या बोटीवरची एक तरुण मुलगी ध्वनिक्षेपकावरून सांगत होती आणि मी आईला मराठीत सांगत होतो. उपाशी राहून पाजते, हे ऐकल्यावर आई म्हणाली, "म्हणजे बाळंतिणीला डिंकाचे लाडूसुद्धा नाहीत!" आणि एकदम तिचे त्या मुलीच्या बोलण्याकडे लक्ष लागले.

मला नवल वाटले ते पुढेच. देवमासा अजून दृष्टीसही पडला नव्हता, तोच बोटीचा वेग कमी झाला. दोन मैलांपासून वेग उतरवायचा, एका मैलावर आणखी, अर्ध्या मैलाच्या आत तर फार तर सात नॉटच्या गतीने जायचे, आणि शंभर फुटांच्या आत आपण होऊन जायचेच नाही, असे तिकडचे संकेत आहेत. त्यालाच आपणहून जवळ यायचे असेल तर तो मुखत्यार! आमच्या आधी एक बोट तिथे होती. आमचा कप्तान दूरच थांबला; तिची वेळ झाली, ती मागे सरली, मग आम्ही पुढे झालो. देवळात गाभाऱ्याशी गर्दी झाली की पुजारी माणसे सोडतो ना, अगदी तसे. बोटीवर कोणी कुरकुरले नाही.

आणि मग तो श्वास! श्रोतेहो, देवमासा दिसण्याआधी ऐकू येतो, हे मला कोणी सांगितले नव्हते. इंजिन अगदी मंद झालेले, माणसे गप्प, आणि डाव्या अंगाला एकाएकी भात्यातून सुटावा तसा वाऱ्याचा मोठा फूत्कार. पाण्याच्या कणांचा उंच फवारा उडाला. लगेच त्याच्या शेजारी दुसरा, लहान, घाईघाईचा. वारा आमच्याकडे वळला आणि तो वास आला. त्याचे वर्णन मी करत नाही. सुक्या बाजारात भर दुपारी गेलात तर कल्पना येईल. बहिणीने नाकाला रुमाल लावला. आईने मात्र हात जोडले. "लेकुरवाळी आहे हो," ती म्हणाली.

ती मोठी मादी बुडाली तेव्हा तिची शेपूट पाण्याबाहेर सरळ उभी राहिली. शेपटीच्या खालच्या बाजूला काळ्यापांढऱ्या रंगाची नक्षी असते आणि ती प्रत्येकाची निराळी असते, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी. ती मुलगी लगेच फोटो काढून नोंद करू लागली. त्या भागातल्या शेकडो देवमाशांना अशी नावे दिलेली आहेत. सॉल्ट नावाची एक मादी तर 1970 च्या दशकाच्या मध्यापासून तिथल्या लोकांना माहीत आहे. तिच्या पाठीच्या पंखावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे डाग आहेत, म्हणून हे नाव. तिची डझनभराहून जास्त पिल्ले मोजलेली आहेत, नातवंडे निराळीच. आमच्या गावात एवढी वंशावळ फक्त कुळोपाध्यायांकडे असे!

त्या नोंदींचा उपयोग काय, असे मला वाटले. तो असा. बॉस्टन बंदरात येणाऱ्या मोठ्या मालवाहू जहाजांचा मार्ग पूर्वी या पंगतीच्या मधूनच जात असे, आणि जहाजाची धडक हे देवमाशांच्या मृत्यूचे एक मोठे कारण आहे. प्रवासी बोटींनी वर्षानुवर्षे केलेल्या नोंदी नकाशावर मांडल्या, तेव्हा देवमासे नेमके कुठे गोळा होतात ते दिसले, आणि 2007 साली जहाजांचा मार्ग थोडा उत्तरेकडे वळवला गेला. तिकीट काढून मौज पाहायला आलेल्या माणसांच्या बोटींनी एवढे काम केले. जहाजांना थोडा वळसा पडतो, तो त्यांनी सोसला.

हे ऐकून अमेरिकन माणूस मोठा दयाळू, असे कोणी समजू नये. याच किनाऱ्यावरच्या न्यू बेडफर्ड आणि नॅन्टकेट या बंदरांतून एकोणिसाव्या शतकात शेकडो जहाजे देवमाशांच्या शिकारीला जगभर जात होती. दिव्यात जाळायला तेल हवे होते. तिथल्या एका जातीचे इंग्रजी नावच मुळी 'राइट व्हेल' असे आहे. राइट म्हणजे मारायला योग्य! हळू पोहतो, किनाऱ्याजवळ येतो आणि मेल्यावर बुडत नाही, म्हणून योग्य. आज उत्तर अटलांटिकमध्ये हे चारशेहून कमी उरले आहेत. त्यांच्यापासून पाचशे यार्ड दूर राहण्याचा मात्र कायदाच आहे. तेव्हा हा सभ्यपणा अमेरिकेच्या रक्तातला नव्हे, उशिरा शिकलेला आहे. देवमासे पाहायला बोटीतून माणसे नेण्याचा धंदाही तसा अलीकडचा. 1955 साली कॅलिफोर्नियात सान दिएगो इथे एक डॉलर घेऊन तो सुरू झाला, आणि अटलांटिकच्या बाजूला 1975 मध्ये.

परत येताना पाच-पंचवीस डॉल्फिन बोटीच्या नाकाशी आले, कुशीवर पांढरे-पिवळे पट्टे असलेले. कोणी त्यांच्या मागे लागले नव्हते. ते आपणहून आले, बोटीच्या लाटेवर खेळले आणि कंटाळा आल्यावर गेले. 'ते खेळत होते' हे माझे वाक्य मला आठवले. खेळणे असे दिसते तर!

घरी आल्यावर मी थोडे वाचले. आपल्या कोकण किनाऱ्यावर दिसतो तो बहुधा हिंदी महासागरातला कुबड असलेला डॉल्फिन. तो खोल समुद्रात जातच नाही; किनाऱ्याला धरून उथळ पाण्यात राहतो, म्हणजे नेमका आपल्या होड्यांच्या आणि जाळ्यांच्या वाटेवर. गढूळ पाण्यात तो डोळ्यांपेक्षा आवाजाने पाहतो. आपणच आवाज काढायचा आणि त्याचा पडसाद ऐकायचा. तीन होड्यांच्या मशीनच्या गोंगाटात आईने पिल्लाला कसे शोधले असेल, कोण जाणे. 1972 साली अमेरिकेने सागरी सस्तन प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा केला, आणि त्याच वर्षी आपला वन्यजीव संरक्षण कायदाही झाला. डॉल्फिन त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला. वाघाच्या मागे मी जीप पिटाळायला सांगितली नसती.

आणखी एक गंमत कळली. अरबी समुद्रात हंपबॅक देवमाशांचा एक निराळा कबिला आहे. बाकीचे सारे हजारो मैल ये-जा करतात. हा मात्र बाराही महिने इथेच राहतो. ओमानच्या किनाऱ्याशी नैर्ऋत्य मोसमी वारे तळाचे थंड पाणी वर आणतात आणि त्याची पंगत घरीच मांडली जाते. आपल्या शेतांवर येणारा पाऊस आणि त्याचे जेवण एकाच वाऱ्यावर अवलंबून! ओमानजवळ हे शंभरही नसावेत, असा अंदाज आहे.

2024 च्या मे महिन्यात आम्ही पुन्हा मालवणला गेलो. मुलगी दहा वर्षांची झाली होती. तोच होडीवाला मुद्दाम शोधला. त्याला मी म्हटले, "या वेळी जास्त पैसे देतो, पण मागे लागू नका. दिसले की मशीन बंद करा."

तो हसला. "मास्तरानू, तुम्ही म्हणतास तां खरा. पण मशीन बंद केलंय तर डॉल्फिन काय होडयेकडे येवन नमस्कार करूचो नाय. गिरायक परत गेला तर डिझेलचे पैशे कोण देतलो?"

मी त्याला बॉस्टनची पद्धत सांगितली. तिकडे देवमासा दिसला नाही तर पुढच्या फेरीचे तिकीट फुकट देतात, म्हणून कप्तानाला घाई नसते. त्याने लक्ष देऊन ऐकले. होडीत आमच्याखेरीज दुसरे एक कुटुंब होते. त्यांतल्या गृहस्थांना हा बेत पसंत नव्हता. "आम्ही काय समुद्रात ध्यान लावायला आलोय का?" ते म्हणाले. मला राग आला नाही. दोन वर्षांपूर्वी मीही हेच म्हटले असते.

लांबवर पाठी दिसल्या. होडीवाल्याने माझ्याकडे पाहिले, त्या गृहस्थांकडे पाहिले. "धा मिन्टां," तो म्हणाला आणि मशीन बंद केली. होडी डुलू लागली. एक होडी आमच्या बाजूने भरधाव गेली आणि पाठी बुडाल्या. गृहस्थांनी माझ्याकडे असे पाहिले की मी घड्याळाकडे पाहू लागलो. सहा मिनिटे गेली, सात गेली. मग आमच्या मागच्या बाजूने, अगदी हलकेच, कोणी दमून सुस्कारा सोडावा तसा आवाज आला. मुलीने माझा हात घट्ट धरला. आम्ही सगळे वळलो तोवर पाण्यावर नुसते वर्तुळ होते. पण आवाज त्या गृहस्थांनीही ऐकला होता. ते काही बोलले नाहीत.

किनाऱ्याला लागल्यावर मी पैसे दिले. होडीवाल्याने ते मोजून खिशात ठेवले आणि होडी ओढता ओढता विचारले, "मास्तरानू, तुमच्या त्या अमेरिकेत फुकट तिकीट देतत म्हणतास, तां भरता कोण?"

याचे उत्तर मी अजून शोधतो आहे. या वेळी ठाऊक असल्यासारखे काही सांगितले नाही. दोरीचे एक टोक धरले आणि होडी वर ओढायला त्याला हात लावला.