गल्लीची पताका कोणी रंगवावी?



पंढरीची वारी करून श्रीगजानन महाराजांची पालखी लोणार, मेहकर करीत जानेफळास येते. त्या दिवशी रस्ते झाडायचे, सडे घालायचे, रांगोळ्या काढायच्या. ही सारी आपल्या हातची कामे. पण मान वर केली की काय दिसते? खांबाखांबावर छापून आणलेले फ्लेक्स. चेहरे सगळे स्वागत करणाऱ्यांचे, आणि पालखी कुठेतरी कोपऱ्यात! गावाचे नाव बदलले, की तोच फलक दुसरीकडे खपेल. मग तो आपला कसा म्हणायचा?

माझे म्हणणे एवढेच, की गल्लीची पताका चित्रकाराकडून करून घ्यावी, आणि त्याला रीतसर मजुरी द्यावी.

ही कल्पना नवी नाही. डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या शेजारच्या खानदेशात, फैजपूरला, काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच. गांधीजींनी सजावटीचे काम शांतिनिकेतनच्या नंदलाल बसूंना सांगितले. मात्र साहित्य खेड्यात मिळेल तेच घ्यायचे. नंदलालांनी बांबूसारख्या साध्या वस्तूंतून शोभा उभी केली. पुढे १९३८ साली गुजरातेत हरिपुऱ्याच्या अधिवेशनासाठी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे चारशे चित्रफलक रंगविले. त्यांवर पुढारी नव्हते. ढोलवाला होता, शिंपी होता, सुतार होता, कांडण करणाऱ्या बाया होत्या. येणाऱ्या खेडुताने वर पाहावे, तो आपलीच माणसे!

तुम्ही म्हणाल, ‘आम्ही नंदलाल कुठून आणावे?’ अहो, हायस्कुलात चित्रकलेचे गुरुजी असतात. एलिमेंटरी, इंटरमीजिएट दिलेली मुले असतात. आणि दुकानांच्या पाट्या रंगविणारे पेंटर असतात. फ्लेक्स आले आणि त्यांच्या हातचे काम गेले. ते काम त्यांना परत देणे आपल्या हाती आहे.

काम सांगताना मोजमाप, जागा आणि मजुरी आधी ठरवा. कापड-रंगासाठी थोडी उचल द्या. दिवस पावसाचे, तेव्हा रंग पाण्याने ओघळणारा नको. विषय गल्लीने सांगावा. चित्र मात्र चित्रकारावर सोडावे. देणगीदारांचे चेहरे नकोत, पण चित्रकाराचे नाव खाली असू द्या. पहिल्या वर्षी खर्च फ्लेक्सपेक्षा जास्त येईल, हे खरे. पण कापडाची पताका घडी घालून ठेवता येते, पुढल्या वर्षी पुन्हा लावता येते. फ्लेक्सचा मात्र शेवटी कचराच. १ जुलै २०२२ पासून शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ प्लॅस्टिकच्या फलकांवर देशभर बंदीही आहे.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. वर्गात मुलांना विचारा, ‘तुझ्या गल्लीची खूण कोणती?’ कोणी कडुनिंब सांगेल, कोणी विहीर, कोणी लोहाराचा भाता. ती उत्तरे फळ्यावर लिहा आणि गावच्या पेंटरला शाळेत बोलावून दाखवा. पताकेचा विषय त्यांतच सापडेल.