सीमेवरचे दोन दिवे

आकाशात काही अनोळखी चमकले, की माणसाच्या मनात दोन वृत्ती एकाच वेळी जाग्या होतात. एक कुतूहलाची आणि दुसरी भयाची. घराच्या अंगणात उभ्या असलेल्या माणसाच्या ठिकाणी बहुधा कुतूहल जिंकते. परंतु हाती बंदूक घेऊन सरहद्दीवर पहारा करणाऱ्या शिपायाला ती चैन परवडत नाही. अनोळखी वस्तू प्रथम शत्रूची आहे असे धरून चालणे हा त्याच्या कर्तव्याचाच भाग असतो. आज आपणांस जी हकीकत सांगावयाची आहे, ती अशाच एका पहाऱ्याची आहे. ती घडली लडाखमधील एका सरोवराच्या काठी. आणि तिचा उलगडा झाला, तो तेथून दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या बंगळूरच्या खगोलशास्त्रज्ञांच्या साहाय्याने.

पँगाँग सरोवराचे नाव आपण ऐकले असेल. समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२५० मीटर उंचीवर, उघड्याबोडक्या डोंगरांच्या मधून वळणे घेत गेलेले हे खाऱ्या पाण्याचे सरोवर सुमारे १३४ किलोमीटर लांब आहे. त्याचा पश्चिमेकडील भाग आपल्या ताब्यात आहे, पूर्वेकडील मोठा भाग तिबेटात मोडतो. या पाण्यातून प्रत्यक्ष नियंत्रण रेषा जाते. पण ती रेषा नक्की कोठून जाते याविषयी दोन्ही देशांचे एकमत नाही. या परिसराला रक्ताचा इतिहास आहे. ऑक्टोबर १९६२ मध्ये सरोवराच्या उत्तर काठी सिरिजाप येथे मेजर धनसिंग थापा यांच्या गुरखा तुकडीने झुंज दिली, आणि त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला चुशूलजवळच्या रेझांग ला खिंडीत मेजर शैतानसिंग यांची कुमाऊँ तुकडी जवळजवळ सबंध कामी आली. ज्या ठिकाणी पहारेकऱ्याला मागच्या पिढीची ही आठवण रोज सोबत करते, तेथे आकाशातला एखादा दिवा हा केवळ दिवा राहत नाही.

ऑगस्ट २०१२ पासून सरोवराच्या दक्षिण काठी ठाकुंगच्या बाजूला आपल्या जवानांना रात्री आकाशात पिवळसर तेजाचे गोळे दिसू लागले. ते तिबेटच्या बाजूच्या क्षितिजावरून वर येत, काही तास सावकाश आकाश आक्रमीत आणि दिसेनासे होत. वरिष्ठांकडे अहवाल गेले. हेरगिरी करणारी वैमानिकरहित विमाने, ज्यांना आपण आता ड्रोन म्हणतो, ती तर ही नव्हेत ना, अशी शंका घेतली गेली. नोंदी वाढत गेल्या. फेब्रुवारी २०१३ पर्यंत त्यांची संख्या ३२९ झाली आणि त्यांपैकी १५५ वेळा ही वस्तू रेषा ओलांडून आपल्या हद्दीत आली, असे लिहिले गेले. वृत्तपत्रांतील माहितीप्रमाणे सैन्याने तेथे फिरते रडार नेले, रेडिओलहरी तपासणारे यंत्र नेले. परंतु आकाशात धातूची वस्तू असल्याचे चिन्ह मिळेना. एक वैमानिकरहित विमानही त्या तेजाच्या दिशेने धाडण्यात आले. ते आपल्या उंचीच्या मर्यादेपर्यंत चढले, पण तेज काही त्याच्या हाती लागले नाही. परग्रहावरून आलेल्या पाहुण्यांची चर्चा देशभर सुरू झाली. अखेर तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांना संसदेत सांगावे लागले, की अशा वस्तूंचा निर्णायक पुरावा मिळालेला नाही.

याच सुमारास हा प्रश्न बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेपुढे आला. या संस्थेची परंपरा मोठी आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १७९२ मध्ये मद्रास येथे उभारलेली वेधशाळा हे तिचे मूळ. कोरोमंडलचा किनारा धोक्याचा. गलबतांना आपले स्थान बिनचूक कळावे, किनाऱ्याचे नकाशे अचूक व्हावेत, हे त्या वेधशाळेच्या स्थापनेमागचे एक मोठे प्रयोजन होते. पुढे १८९९ मध्ये कोडाईकनालची सूर्यवेधशाळा आली आणि १९७१ मध्ये वेणू बाप्पू यांच्या नेतृत्वाखाली स्वायत्त संस्था अस्तित्वात येऊन तिचे मुख्य ठाणे बंगळुरात, कोरमंगला भागात, स्थिरावले. याच संस्थेची एक वेधशाळा लडाखमध्ये हानले येथे, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर आहे. तेथील दोन मीटर व्यासाची दुर्बीण बंगळूरजवळच्या होसकोटे गावातून, उपग्रहाच्या दुव्याने चालविली जाते. म्हणजे दक्षिणेच्या पठारावर बसून लडाखचे आकाश न्याहाळणे हे या शास्त्रज्ञांचे नित्याचेच काम होय.

त्यांच्यापुढे प्रश्न अगदी नेमका होता. संस्थेतील तुषार प्रभू यांनी पुढे वृत्तपत्रांना सांगितल्याप्रमाणे, ही वस्तू आकाशस्थ आहे की पृथ्वीवरची, एवढेच त्यांना ठरवावयाचे होते. अशा प्रश्नाची उकल कशी करतात, ते थोडे पाहू. विमान असो, फुगा असो, वा ड्रोन असो, त्याला आपल्या मागे असलेल्या ताऱ्यांशी काही देणेघेणे नसते. ते वाऱ्याने किंवा इंजिनाने चालते. परंतु आकाशस्थ ज्योती ताऱ्यांच्या साऱ्या मेळाव्याबरोबर फिरते आणि दररोज सुमारे चार मिनिटे आधी उगवते. चार मिनिटे म्हणजे काहीच नव्हे असे वाटेल, पण महिन्याकाठी त्यांचे दोन तास होतात. तेव्हा वेळ, दिशा आणि क्षितिजापासूनची उंची या तीन गोष्टी काही आठवडे निष्ठेने लिहून ठेवल्या, तर वस्तू आपली ओळख आपणच सांगू लागते.

आणि तसेच झाले. एक ज्योती संध्याकाळी ६ च्या सुमारास दिसू लागे आणि पहाटे ५ पर्यंत आकाशात असे. दुसरी पहाटे ४ ला दिसे आणि दिवसाच्या ११ पर्यंत टिके. पहिली होती गुरु, आणि दुसरी शुक्र. जुलै २०१३ मध्ये हा निष्कर्ष वृत्तपत्रांतून जगजाहीर झाला.

हिशेब ताडून पाहावा, तो तंतोतंत जुळतो. ऑगस्ट २०१२ मध्ये गुरु मध्यरात्रीनंतर उगवत होता. ३ डिसेंबरला त्याची सूर्याशी प्रतियुती झाली. म्हणजे सूर्य मावळताच तो पूर्वेला उगवू लागला आणि रात्रभर दिसू लागला. वृषभ राशीत, रोहिणीच्या लालसर ताऱ्यापाशी तो त्या हिवाळ्यात झळकत होता. शुक्र त्या सहा महिन्यांत पहाटेचा तारा होता. ३ ऑक्टोबरच्या पहाटे तर तो मघा नक्षत्राच्या ठळक ताऱ्याला जवळजवळ चिकटून उभा होता. रडार मुके का राहिले, हेही आता उमजते. प्रतियुतीच्या वेळीसुद्धा गुरु आपल्यापासून सुमारे साठ कोटी किलोमीटर दूर होता. फिरत्या रडारने त्याचा पाठलाग करणे म्हणजे ओंजळीने समुद्र मापण्यासारखेच.

आणि त्या १५५ घुसखोरींचे काय? श्रोतेहो, नकाशा डोळ्यांपुढे आणा. ठाकुंगच्या पूर्वेला तिबेट आहे. तेव्हा तेथे उगवणारी प्रत्येक चांदणी चीनच्या बाजूने वर येते, डोक्यावरून जाते आणि आपल्या बाजूला मावळते. सृष्टीच्या आरंभापासून हा क्रम चालू आहे. रेषा मात्र माणसाने काल-परवा आखली.

हे ऐकून पुष्कळांना हसू आले. परदेशी वृत्तसंस्थांनीही या बातमीची मौज लुटली. मला मात्र हसण्याआधी थोडे थांबावेसे वाटते. चार हजार मीटरांवर हवा विरळ असते, धूळ आणि बाष्प अत्यल्प असते. सपाटीवर क्षितिजाजवळचा तारा धुरकट हवेत विझल्यासारखा होतो, तो तेथे कड्यावरून एकदम मशालीसारखा वर येतो. गडद निळ्या आकाशात शुक्र सूर्योदयानंतरही दिसत राहतो, आणि दिवसा चमकणारी वस्तू तारा असेल हे कोणाच्या मनातही येत नाही. शिवाय काळोखात एकाकी तेजोबिंदूकडे टक लावून पाहिले, तर तो स्थिर असूनही हलल्यासारखा भासतो, कारण डोळ्याची सूक्ष्म हालचाल जोखावयास शेजारी दुसरी खूण नसते.  त्यात खरीखुरी ड्रोन विमाने सरहद्दीवर वापरात आलेली. अशा वेळी ज्याने अहवाल पाठविला तो जवान चुकला असे म्हणण्यापेक्षा, त्याने आपले काम चोख केले असेच म्हटले पाहिजे.

आपल्या घरची गोष्ट पाहिली तर आपणही फार वेगळे नाही. आपल्या पंचांगात गुरु आणि शुक्र या दोघांचेच उदयास्त विवाहाच्या मुहूर्तासाठी मुद्दाम पाहिले जातात. त्यांपैकी एखाद्याचा अस्त असला, तर लग्नाची तिथी पुढे ढकलली जाते. मुहूर्त काढण्यापुरते हे ग्रह आपल्या ओळखीचे. पण त्यांच्याकडे मान वर करून पाहणारे आपल्यात किती? पहाटे शुक्राची चांदणी वर आली, की जात्यावर बसणारी बाई आणि मोटेला बैल जुंपणारा शेतकरी वेळ ओळखत. तो शेजार आता मोडला आहे. ६ जून २०१२ रोजी सूर्यबिंबावरून जाणारा शुक्राचा काळा ठिपका पाहावयास देशभर माणसे चष्मे लावून उभी होती. त्यानंतर दोन महिनेही झाले नाहीत, तोच शुक्र पूर्वेला उजळला आणि अनोळखी ठरला. ही उणीव एखाद्या चौकीची नव्हे, आपणा सर्वांचीच आहे.

इतर देशांच्या सैन्यांनाही असा अनुभव आलेला आहे. फेब्रुवारी १९४२ मध्ये, पर्ल हार्बरच्या हल्ल्याला तीन महिनेही झाले नसताना, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लॉस एंजलिसच्या आकाशात शत्रू आल्याची हाकाटी झाली. विमानविरोधी तोफांनी त्या रात्री चौदाशेंहून अधिक गोळे उडविले. बाँब एकही पडला नाही, विमान एकही पाडले गेले नाही. हवामान पाहणारा एखादा फुगा या साऱ्याचे निमित्त झाला असावा, असे पुढे इतिहासकारांनी ठरविले. ५ ऑक्टोबर १९६० चा प्रसंग याहून गंभीर आहे. ग्रीनलंडमधील थुले येथील नव्या रडारने रशियाची क्षेपणास्त्रे येत असल्याचा इशारा दिला. ते लहरींचे प्रतिध्वनी वस्तुतः नॉर्वेवरून उगवणाऱ्या चंद्राकडून परत आले होते! त्या वेळी रशियाचे पंतप्रधान क्रुश्चेव्ह न्यूयॉर्कमध्ये होते; मग रशिया असा हल्ला करीलच कसा, असा साधा विचार कोणी तरी केला, आणि जग एका चंद्रोदयाच्या चुकीतून वाचले.

अमेरिकन हवाई दलाने १९५२ ते १९६९ या काळात 'ब्लू बुक' नावाच्या योजनेखाली अशा अनोळखी वस्तूंचा तपास केला. एकंदर १२,६१८ नोंदींपैकी ७०१ अखेरपर्यंत अनोळखी राहिल्या. या ७०१ चा आधार घेऊन पुष्कळांनी कल्पनेचे मनोरे रचले. परंतु 'अनोळखी' या शब्दाचा अर्थ 'ओळख पटलेली नाही' एवढाच आहे. 'परलोकीची' असा नव्हे, आणि 'शत्रूची' असाही नव्हे. अज्ञानाला आपल्या आवडीचे वा आपल्या भीतीचे नाव देण्याची घाई, हाच यातला खरा धोका होय.

लडाखच्या प्रकरणात ही घाई झाली नाही, यात मला त्याचे महत्त्व दिसते. त्या ३२९ नोंदी म्हणजे ३२९ चुका नव्हेत, ते ३२९ वेध आहेत. हाडे गोठविणाऱ्या थंडीत कोणी तरी घड्याळ पाहिले, दिशा पाहिली आणि जे दिसले ते लिहून ठेवले. तसे केले नसते, तर बंगळूरच्या शास्त्रज्ञांपुढे ताडून पाहावयास काय असते? आणि गणवेशातील माणसांनी आपल्या शंकेचे उत्तर गणवेशाबाहेरच्या जाणकारांना विचारले. शस्त्र हाती असताना प्रश्न विचारावासा वाटणे, हे सैन्याच्या कमीपणाचे नव्हे, त्याच्या शिस्तीचे लक्षण आहे.

याच सरहद्दीवर एप्रिल २०१३ मध्ये देप्सांगच्या पठारावर दोन्ही सैन्ये तीन आठवडे समोरासमोर उभी होती. जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले २० सैनिक कामी आले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेरीस खुद्द पँगाँगच्या दक्षिण काठी तणावाने कळस गाठला. म्हणजे तेथील भय काल्पनिक नाही, आणि म्हणूनच खऱ्या संकटातून खोटे संकट वेगळे काढण्याची गरज तेथे अधिक आहे. पहारेकऱ्याने डोळे मिटून चालणार नाही. त्याने तेजाचा गोळा पाहिला की नोंद केलीच पाहिजे. पण ती नोंद आणि बंदुकीचा चाप यांच्यामध्ये विचाराला जागा हवी. त्या सहा महिन्यांत ती जागा राखली गेली. गुरु आणि शुक्र आपापल्या मार्गाने निघून गेले, आणि सरोवराच्या दोन्ही काठांवर त्यांच्यासाठी एकही गोळी सुटली नाही.