पायपिटीचा खर्च : नंदुरबार जिल्ह्यातील वृद्ध, दिव्यांग आणि स्वयंसेवक

वृद्ध आणि दिव्यांग प्रौढांसाठी शासनाकडून खर्च होणाऱ्या पैशाचे दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे करून पाहिल्याखेरीज या विषयाची चर्चा पुढे सरकत नाही. पहिला प्रकार व्यक्तीच्या खात्यात जमा होणाऱ्या अर्थसाहाय्याचा. १९८० पासून चालत आलेली संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि ६५ वर्षांवरील निराधारांसाठीची श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना ही त्याची महाराष्ट्रातील परिचित रूपे असून २०२३ मध्ये त्यांची मासिक रक्कम १,००० वरून १,५०० रुपये झाली. दुसरा प्रकार सहायक अनुदानाचा, म्हणजे अशा लोकांची सेवा करणाऱ्या संस्थेचा खर्च शासनाने काही प्रमाणात उचलण्याचा. पहिल्याच्या रकमेवरून मोर्चे निघतात, दुसऱ्याची विचारपूस संस्थाचालकांखेरीज सहसा कोणी करीत नाही. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात मात्र पहिल्याचा पैसा गरजू माणसाच्या हाती पडणे बऱ्याच अंशी दुसऱ्यावर अवलंबून असते.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे साडेसोळा लाख असून तीत अनुसूचित जमातींचा वाटा ६९ टक्क्यांहून अधिक आहे. सातपुड्यातील अक्राणी आणि अक्कलकुवा या तालुक्यांत महसुली दप्तरातले एक गाव प्रत्यक्षात डोंगरउतारांवर विखुरलेल्या अनेक पाड्यांचे मिळून बनते, आणि ज्या पाड्यापर्यंत गाडीरस्ता नाही तेथून आजाऱ्याला बांबूला बांधलेल्या झोळीतून खांद्यावर आणावे लागते. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी किंवा बांधकामावर गुजरातेत गेलेली कुटुंबे पेरणीच्या तोंडावर परततात. म्हणजे झोळीला खांदा देणारी माणसेच नेमकी अर्धे वर्ष पाड्यावर नसतात, आणि मागे राहतात ती म्हातारी, अधू माणसे व त्यांच्या भरवशावर ठेवलेली नातवंडे.

अशा ठिकाणी स्वयंसेवकाचे काम दिसायला किरकोळ असते. दरवर्षी हयातीचा दाखला मिळवून देणे, बाजाराच्या दिवशी म्हाताऱ्या माणसाला बँकेत किंवा बँकमित्राकडे नेणे, आयुष्यभर कुदळ-विळा चालवून रेषा झिजल्याने आधारची ओळख पटविणाऱ्या यंत्रावर अंगठा लागत नसेल तर दुसरे बोट, तेही न जमल्यास दुसरा मार्ग शोधणे, आणि रिकाम्या हाती परतावे लागले तर पुढच्या बाजारी पुन्हा जाणे, असे ते काम आहे. देशातील पहिली आधार कार्डे २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील टेंभली गावात वाटली गेली, हा योगायोग येथे आठवल्यावाचून राहत नाही. दिव्यांगांच्या बाबतीत पायपीट आणखी वाढते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून २१ केले आणि त्यांत सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन अंगात असह्य वेदना उठविणारा, सातपुड्यातील आदिवासींत आढळणारा आनुवंशिक आजार, समाविष्ट झाला. परंतु त्याचे प्रमाणपत्र मिळविण्यासाठी तपासणीला जावे लागते, आणि कळा येत असलेल्या माणसाला एकट्याने हा प्रवास झेपत नाही.

सहायक अनुदानाच्या केंद्रीय योजना या कामाकडे कशा पाहतात? १९९२ पासून चालू असलेला वृद्धांसाठीचा एकात्मिक कार्यक्रम प्रामुख्याने २५ निराधारांचा वृद्धाश्रम, दिवसभराचे सेवाकेंद्र, फिरते वैद्यकीय पथक अशा घटकांना पैसा देतो; दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजना प्रकल्पखर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत भार उचलते, पण तिचीही मुख्य भिस्त शाळा आणि पुनर्वसन केंद्रे यांवर आहे. छत, खाटा, हजेरीपट आणि पगारी कर्मचारी तपासणी अधिकाऱ्याला मोजता येतात. दोन डोंगर ओलांडून केलेली एक भेट मोजण्याचा रकाना त्याच्या नमुन्यात सहसा नसतो. शिवाय आधीच्या रकमेचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा मंजूर कामावरच खर्च झाल्याचा लेखी दाखला, पोचल्यावाचून पुढचा हप्ता सुटत नाही, त्यामुळे मधले महिने पदरमोड करू शकणारी संस्थाच टिकते. मोठ्या संस्थेने परदेशी देणगी घेऊन पाड्यावरच्या लहान मंडळाला द्यावी, ही वाट विदेशी देणगी कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने बंद केली.

सेवा करायची तर पैसा कशाला, हा आक्षेप शहरात बसून घेणे सोपे आहे. भिल्ल-पावरा वस्त्यांत एकमेकांच्या शेतावर मजुरी न घेता राबण्याची ‘लाहा’ ही जुनी रीत आहे, तेव्हा सेवाभाव तेथे बाहेरून नेण्याची गरज नाही. परंतु लाहा शेजाऱ्यांत चालते, आणि तालुक्याच्या फेरीत ज्याची दिवसाची मजुरी बुडते त्याच्याकडून ती दर आठवड्याला अपेक्षिणे अन्यायाचे आहे. अमेरिकेतील ‘सीनियर कंपॅनियन’ कार्यक्रमात अल्प उत्पन्न असलेल्या ५५ वर्षांवरील स्वयंसेवकांना इतर वृद्धांच्या सोबतीसाठी तासाप्रमाणे मानधन मिळते, आणि तेवढ्यावरून त्यांना कोणी नोकर म्हणत नाही. केरळात १९९३ मध्ये कोझिकोड येथे सुरू झालेल्या वेदनाशामक सेवेच्या कामाला शेजारपाजारचे स्वयंसेवक मिळाले आणि पुढे स्थानिक स्वराज्य संस्थांचा पैसाही. मात्र तेथील दाट वस्तीचा हिशेब सातपुड्याला जसाच्या तसा लावता येणार नाही.

नंदुरबारात जवळचा पैसा वेगळाच आहे. पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींसाठीच्या कायद्याखालील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेच्या निधीपैकी पाच टक्के रक्कम २०१५ पासून थेट मिळते. ‘अबंध निधी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या रकमेचा विनियोग ग्रामसभा ठरविते आणि आरोग्य, स्वच्छता व शिक्षण हा त्याच्या ठरावीक विषयांपैकी एक आहे. म्हाताऱ्या-अधू माणसांना ने-आण करणाऱ्या सोबत्याचे मानधन आणि जीपभाडे आरोग्याच्या विषयात बसविण्याचा प्रयत्न ग्रामसभेने करण्याजोगा आहे, जरी सिमेंटच्या कामाइतका उत्साह त्यासाठी कंत्राटदारांत दिसणार नाही. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला निम्मा पाडा उसाच्या फडात असतो. तेव्हा हा ठराव १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या सभेत, पुढील वर्षाचा आराखडा पक्का होण्यापूर्वी आणि परगावी जाणारी मुले-सुना समोर बसलेली असताना मांडणे सोयीचे, कारण मागे राहणाऱ्या म्हाताऱ्याला बाजाराच्या दिवशी कोण नेणार, हे त्याच बैठकीत नावानिशी ठरविता येते.