दगडाची मूठ



झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. आज आम्ही एक मूठ उघडून दाखवणार आहोत, ती सुरीची. पात्याविषयी बोलणारे पुष्कळ असतात. शिकलगार धारेची वाखाणणी करतो, लोहार पाण्याची. पण हातात येते ती मूठ, आणि ती दगडाची असली तर तिच्यामागे केवढा खटाटोप असतो, हे फारसे कोणी सांगत नाही.

प्रथम दगड कोणता, ते पाहू. मुठीसाठी आपल्याकडे सर्वांत नावाजलेला दगड म्हणजे अकीक. त्याचे मूळ आपल्याच काळ्या पाषाणात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. तो रस थिजताना वायूचे बुडबुडे आत कोंडले गेले, आणि त्या पोकळ्यांत पाण्याबरोबर झिरपलेली सिलिका पदरापदराने साचली. आपल्या नद्यांच्या पात्रांत पट्ट्यापट्ट्यांच्या गारगोट्या सापडतात, त्या याच जातीच्या. मात्र त्यांचा कारखाना वसला तो गुजरातेत. भडोच जिल्ह्यात रतनपूरजवळ गोट्यांच्या थरात खड्डे खणून अकीक काढतात आणि तो खंबायतेस नेऊन घडवतात. हा धंदा किती जुना असावा? लोथल येथे 1955 पासून उत्खनन झाले, त्यात हडप्पाकालीन मणी घडविण्याची जागाच सापडली. सोळाव्या शतकाच्या आरंभी आलेला पोर्तुगीज प्रवासी बार्बोसा या भागातील तांबड्या दगडाविषयी लिहितो, तेव्हा मण्यांबरोबर खंजिरांच्या मुठींचाही उल्लेख करतो.

तांबडा रंग पुष्कळदा निसर्गाने दिलेला नसून माणसाने काढलेला असतो. दगड आधी महिनोन्‌महिने उन्हात सुकवतात, मग मडक्यात घालून गोवऱ्यांच्या मंद आचेवर भाजतात. त्यात लोखंडाचा जो पिवळा अंश असतो, तो आपले पाणी सोडतो आणि तांबडा होतो. कुंभाराची पिवळट माती भट्टीत लाल होते, तोच प्रकार. घाई केली की आतला ओलावा उसळून दगड तडकतो.

पुढे तासणे. खंबायतेचा कारागीर जमिनीत एक लोखंडी टोकदार कांब तिरकी रोवतो, दगड तिच्या टोकाला टेकवतो आणि म्हशीच्या शिंगाच्या हलक्या हातोडीने वरून ठोकतो. टवका उडतो तो हातोडीच्या बाजूने नव्हे, कांबेच्या बाजूने! ज्यांनी हे पाहिले नाही त्यांना हे उलटे वाटेल, पण लोखंडी हातोडीचा घाव अकीकाला सोसत नाही. तो कठीण आहे, चिवट नाही. पोलादी पाते त्यावर सहसा ओरखडा काढू शकत नाही, पण हातातून फरशीवर पडला तर त्याचे तुकडे होतात. कठीणपणा आणि चिवटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मूठ करणाऱ्याला दुसरीची गरज अधिक.

म्हणूनच मोगल दरबारात मुठींसाठी यशमाला फार मान होता. मध्य आशियात खोतानकडे मिळणारा हा हिरवट-पांढरा दगड अकीकापेक्षा किंचित मऊ, परंतु त्याचे सूक्ष्म तंतू नमद्यासारखे एकमेकांत गुंतलेले. त्यामुळे त्यात नाक, डोळे, कान कोरता येतात आणि ते टिकतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात 1640 च्या सुमाराची एक यशमी मूठ आहे, नीलगायीच्या मुखाची. कोरणाऱ्याचे नाव आपणांस ठाऊक नाही. त्याने नीलगाय पाहिली होती, एवढे मात्र निश्चित.

आता सर्वांत नाजूक काम, पाते बसवण्याचे. खुरप्याची शेपटी तापवून लाकडी मुठीत ठोकताना आपण पाहिली असेल. लाकूड जळते, जागा करून देते आणि लोखंडाला घट्ट धरते. दगड असली मुरवत करीत नाही. शेपटीसाठी आधी भोक पाडावे लागते. खंबायतेत त्यासाठी कमानीने फिरणारा सामता असतो, त्याच्या टोकाला हिऱ्याच्या कणी. भोक शेपटीपेक्षा थोडे मोठे ठेवतात आणि फट लाखेने भरतात. पोलाद आणि दगड उष्णतेने सारखे फुगत नाहीत. मधली लाख ती कुरकुर सोसते. आजचे कारागीर लाखेऐवजी रसायनी चिकटद्रव्य वापरतात, तत्त्व तेच. खिळा ठोकून दगडी पट्ट्या बसवू पाहणाऱ्याची मात्र सगळी मेहनत शेवटच्या ठोक्याला वाया जाते.

झिलई म्हणजे खरे तर ओरखडे बारीक करीत जाणे. जाड कुरुंद, मग बारीक, मग त्याहून बारीक. मधली एक पायरी गाळली तर तिचा ओरखडा शेवटी आरशासारख्या पृष्ठावर हसत उभा राहतो. पूर्वी मणी कातडी पिशवीत कुरुंद व पाण्यासह घालून दोन माणसे ती पिशवी दिवसच्या दिवस इकडून तिकडे ओढीत. आता फिरती पिंपे आली. मूठ मात्र हाताने चाकावर धरूनच घासावी लागते.

आणि श्रोतेहो, याच चाकापाशी आम्हांला थोडे थांबावयाचे आहे. कोरड्या चाकावर अकीक घासला की सिलिकेची धूळ उडते. तिचे डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसात शिरून तेथेच राहतात आणि फुप्फुस हळूहळू निबर होत जाते. हाच सिलिकोसिस. तो बरा करणारे औषध नाही, आणि त्याच्या पाठोपाठ पुष्कळदा क्षय येतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेने खंबायतच्या कारागिरांची पाहणी केली, तेव्हा हा रोग घासणाऱ्यांत तर आढळलाच, पण ज्यांनी चाकाला कधी हात लावला नाही अशा शेजाऱ्यांतही आढळला. 1948 च्या कारखाने कायद्याच्या परिशिष्टात या रोगाचे नाव होते. परंतु चाक घराच्या पडवीत आणि माणसे दोन-तीन, तेथे तो कायदा सहसा पोहोचत नसे.

आमचे मत विचाराल तर भाजी चिरण्याच्या सुरीला लाकडी मूठच बरी. हाताएवढी अकीकाची मूठ सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरते, शिसवीची तिच्या तिसऱ्या हिश्श्याने. शिवाय ओल्या हातात दगड निसटतो. दगडी मूठ शोभेची, भेटीची, हौसेची. हौस वाईट असे आम्ही म्हणत नाही, ती नसती तर नीलगाय घडली नसती. पण आपल्यापैकी कोणी अशी मूठ हौसेने घडवून घ्यावयास निघाला, तर रंग आणि पट्टे पाहण्याआधी त्याने कारागिरास एक गोष्ट विचारावी: चाकावर पाण्याची धार चालू असते काय? पाण्याने बहुतेक धूळ जागीच बसते, उरलेली ओढून घेणारा पंखा लागतो. त्यापायी मुठीमागे चार पैसे अधिक पडतात. ते कारागिराच्या मजुरीतून कापून न घेता आपण द्यावेत.