मार्लवाईची पाटी



शिक्षण म्हटले की डोळ्यांपुढे पाटी येते. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील बासर येथे, गोदातीरीच्या सरस्वती मंदिरात, आजही दूरदूरची लेकरे अक्षराभ्यासासाठी आणली जातात. परंतु अक्षर गिरवले म्हणजे विचार करता आला काय? त्याच जिल्ह्यातील मार्लवाई या गोंड खेड्याचा इतिहास या प्रश्नाशी निगडित आहे.

१९४० साली जोडेघाट येथे कुमराम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. तंटा जमिनीचा आणि जंगलाचा होता. सरकारी कारभार उर्दूत, गोंड बहुतांशी निरक्षर. कागदावर काय लिहिले हेच ज्यास उमगेना, त्याने आपले शेत राखावे तरी कसे? पुढे हायमेन्डॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने १९४३ साली मार्लवाईस गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र निघाले. थोडेफार मराठी लिहू-वाचू जाणणारे गोंड तरुण तेथे शिक्षक झाले आणि मुलांसाठी गोंडी वाचनपुस्तके निघाली, तीही देवनागरीत! घरची भाषा पाटीवर उमटली. मुलाला शब्द वाचताच वस्तू दिसू लागली. गोमंतकातील जुन्या पिढीला याचे मोल सांगावयास नको. शाळेत पोर्तुगीज, घरी कोंकणी, देवळात मराठी कीर्तन. अशा मुलाने विचार नेमका कोणत्या भाषेत करावा?

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा मराठी मुलखात आले, उरलेला जिल्हा आंध्रात गेला. मग तेथील गोंड मुलांपुढे तेलुगू आली. पोट भरण्यास ती हवीच. पण गोंडी पुस्तके मागे पडली, ही हानी लहान नव्हे.

तथापि तेथील सारे ज्ञान पाटीवर कधीच नव्हते. परधान किकरी वाजवून गोंडांच्या कुळदैवतांच्या कथा गातात. त्या पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत चालत आल्या. दिवाळीच्या सुमारास दंडारीत मोरपिसांचा भव्य टोप घालून, अंगास राख फासून गुसाडी नाचतात. ते पाऊल पाहून आणि नाचूनच शिकावे लागते. त्यात विचार नाही असे कोण म्हणेल? शरीराला उमगलेले ज्ञानही ज्ञानच होय. फक्त त्याची परीक्षा घेण्याची रीत आपल्या शाळांना अद्याप सापडलेली नाही.

या गुसाडीचे गुरू कनक राजू मार्लवाईचेच. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०२४ च्या ऑक्टोबरात ते निवर्तले, तेव्हा दिवाळी अवघ्या काही दिवसांवर आली होती.