नवस फेडला: फक्त चार अक्षरांत

आजचा भाग रोमन लोकांच्या नवसांवर.

१६४७ साली नेदरलँड्सच्या किनाऱ्यावर, डोम्बर्ग गावाजवळ, वादळाने वाळू वाहून नेली आणि खालून रोमन काळातले कोरीव दगड उघडे पडले. पुढे १९७० मध्ये, तिथून फार लांब नाही अशा कोलाइन्सप्लाटजवळ, मच्छीमाराच्या जाळ्यात तसेच दगड आले. देवी तीच, नेहालेनिया. शेजारी कुत्रा, फळांची टोपली, कधी एक पाय जहाजाच्या टोकावर. देवी स्थानिक, पण लेख लॅटिनमध्ये!

लेखाच्या शेवटी बऱ्याचदा चारच अक्षरं असतात: व्ही, एस, एल, एम. म्हणजे 'नवस फेडला, आनंदाने, देवीचा मान म्हणून'. आधी नवस बोलायचा, काम झालं की दगड उभारायचा. आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

एक दगड मार्कुस सेकुंदिनिउस सिल्वानुस याचा. हा ब्रिटनशी मातीच्या भांड्यांचा व्यापार करायचा. नवसाचं कारण काय? माल नीट सुखरूप राहिला. बस्स! लढाई नाही, सम्राट नाही. समुद्र ओलांडताना भांडी फुटू नयेत, एवढीच काळजी. इतर दगडांवर मिठाचे व्यापारी भेटतात, माशांच्या सॉसचेही. कोणी कोलोनचा, कोणी ट्रियरकडचा. साम्राज्याच्या टोकाला राहणाऱ्या माणसांचं रोजचं जगणं इथे त्यांच्याच शब्दांत सापडतं.

मी सॉफ्टवेअरवाला, दिवसभर लॉग वाचतो. पहिल्यांदा वाटलं, काय भारी डेटा आहे हा! मग खटकलं. एकदा मी असा कोड लिहिला होता की काम यशस्वी झालं तरच नोंद व्हायची. दोन दिवस डॅशबोर्ड हिरवागार आणि तिकडे लोकांचे पैसे अडकलेले. हे दगडही तसेच आहेत. ज्याचं जहाज बुडालं, त्याच्यावर नवस फेडायची वेळच आली नाही. त्याचा दगड नाही, म्हणून त्याचं नावही नाही.

म्हणून आता मी सिल्वानुसचा दगड उलटा वाचतो. माल पोचला याचं एवढं अप्रूप, की त्यासाठी दगड कोरून घ्यावा! म्हणजे न पोचण्याची धास्ती केवढी असेल? ती धास्ती कुठेच कोरलेली नाही, पण प्रत्येक दगडामागे ती आहे.

तुमच्या गावच्या देवळात नवसाची घंटा किंवा फरशी असेल, तर त्यावरचं नाव यावेळी थांबून वाचा. भेटूया पुढच्या भागात!