मुळांचा शेजार
(व्याख्यान)



देवालयाच्या प्रांगणात वनस्पतींविषयी बोलावयाचे, तर आरंभ चंदनापासून करणे उचित होय. ज्याचे गंध आपण नित्य श्रींच्या भाळी लावतो, तो वृक्ष अर्धपरोपजीवी आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. त्याची पाने हिरवी असतात आणि अन्न तो स्वतः तयार करतो. परंतु पाणी व क्षार यांसाठी तो आपली शोषक मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांना जोडतो. म्हणूनच एकटे लावलेले चंदनाचे रोप खुरटते आणि तुरीसारखी सोबत मिळाली की जोम धरते. आंब्यावरचे बांडगूळही याच वर्गातले. त्याचे नाव आपण शिवीसारखे वापरतो. निसर्गाच्या व्यवहारात मात्र असे ऋणको अनेक आहेत.

त्यांपैकीच एका दुर्मीळ फुलझाडाची हकीकत आज सांगावयाची आहे. अमेरिकेच्या आयडाहो राज्यात, ॲल्बियन पर्वतरांगेत, हॅरिसन नावाचे 9,000 फुटांहून उंच शिखर आहे. साऱ्या पृथ्वीवर कॅस्टिलेजा क्रिस्टाय हे झाड त्या एकाच शिखराच्या माथ्यावर, जेमतेम 200 ते 250 एकरांत उगवते. त्याचे शास्त्रीय वर्णन 1973 साली नोएल होल्मग्रेन यांनी प्रसिद्ध केले. बर्फ वितळल्यानंतरच्या अल्पशा उन्हाळ्यात ते फुलते. आपले लक्ष वेधून घेणारा त्याचा पिवळा-नारिंगी रंग पाकळ्यांचा नसून फुलांखालच्या लहान पानांचा असतो.

या झाडावर संकट आले ते कुऱ्हाडीच्या रूपाने नव्हे. स्मूथ ब्रोम नावाचे परदेशी गवत तेथे पसरू लागले. जमिनीखालच्या खोडांनी ते दाट माजते आणि मूळच्या गवतांना व झुडुपांना हुसकावून लावते. म्हणजे ज्यांच्या मुळांवर या फुलाचा निर्वाह, तो शेजारच नाहीसा होऊ लागतो. शिवाय शिखरावर मोटाररस्ता आहे. वाट सोडून जाणारी वाहने व पावले कोवळी रोपे तुडवितात.

शासनाने हे झाड संरक्षणास पात्र वनस्पतींच्या यादीत घेतले होते. पुढे वनखाते आणि वन्यजीवखाते यांनी परस्परांत करार केला. परक्या गवताचा बंदोबस्त, वाहनांना आळा आणि झाडांवर नियमित देखरेख ही कामे हाती घेण्यात आली. परिणामी 2012 साली त्याचे नाव त्या यादीतून वगळण्यात आले. तथापि सारा वंश एकाच माथ्यावर असल्याने दक्षता सोडून चालणार नाही.

सज्जनहो, हे फूल नुसते कुंडीत उचलून नेल्याने वाचत नाही. त्याला राखावयाचे तर त्याचा शेजार राखावा लागतो, आणि शेजार राखावयाचा तर जमीन राखावी लागते. हा विचार आपल्याला परका नाही. देवाच्या नावाने राखलेल्या रायांत पूर्वजांनी एकेक झाड नव्हे, तर अख्खे रान राखले.

आज देवालयाभोवती सभागृहे, वाहनतळ व फरसबंदी यांची गरज वाढत आहे, हे मी जाणतो. माझी विनंती इतकीच, की असा निर्णय घेताना देवस्थानच्या जमिनीचा एक तुकडा त्याच्या मूळच्या झाडोऱ्यासह अस्पर्श ठेवावा. चंदन लावाल, तर त्याला सोबतीसह लावावे.